आजारी न पडलेली मुले काय सांगतात? पाळणाघरातील अन्नविषबाधेचा तपास कसा होतो

पाळणाघरातील पंधरा-वीस मुलांना एकाच संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, की पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘आज काय खायला दिलं होतं?’ त्याचे उत्तर येईपर्यंत बहुधा निकालही लागलेला असतो. कुणी भात शिळा होता म्हणते, कुणी स्वयंपाकाच्या मावशींच्या स्वच्छतेवर बोट ठेवते, आणि पाळणाघर चालवणाऱ्या ताई घाबरून उरलेले अन्न टाकून देतात, पातेली घासून पालथी घालतात, फरशी फिनेलने पुसून घेतात. काळजीपोटी आणि भीतीपोटी घडणाऱ्या या गोष्टी समजण्यासारख्या आहेत. पण तपासाला लागणारा पुरावा त्यामुळे पहिल्या काही तासांतच नाहीसा होतो, आणि ज्यांचा दोष नाही अशा माणसांच्या माथी तो कायमचा बसतो. म्हणूनच साथीचा तपास प्रत्यक्षात कसा चालतो हे पालकांना आणि पाळणाघर चालवणाऱ्यांना आधीपासून ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

या तपासातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आधीच सांगतो. आजारी मुलांनी काय खाल्ले एवढ्यावरून कारण सापडत नाही. त्याच पाळणाघरात, त्याच दिवशी हजर असूनही जी मुले ठणठणीत राहिली, त्यांनी काय खाल्ले आणि काय खाल्ले नाही, हे कळल्याशिवाय कोणत्याही पदार्थाला दोषी म्हणता येत नाही. पुढचे सगळे विवेचन याच मुद्द्याभोवती आहे, आणि ते समजायला सोपे जावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेतो.

समजा, सिंहगड रस्त्याच्या परिसरात एक पाळणाघर आहे आणि त्याच्या पटावर ४८ मुले आहेत. बुधवारी त्यांतील ४५ मुले आली होती. दुपारी साडेबाराला मसालेभात आणि दही असे जेवण झाले, आणि चार वाजता एका मुलाच्या वाढदिवसानिमित्त शेवयांची खीर दिली गेली. संध्याकाळी साडेसहाला पहिल्या मुलाला उलटी झाली, सात ते नऊच्या दरम्यान बहुतेकांना त्रास सुरू झाला, आणि शेवटच्या मुलाला पावणेदहाला. एकूण २० मुले आजारी पडली. बुधवारी घरीच राहिलेल्या तीन मुलांपैकी एकालाही काही झाले नाही.

सर्वप्रथम अर्थातच मुलांकडे पाहायचे. ओआरएस थोडे थोडे पाजत राहावे, अंगावरचे दूध बंद करू नये, जुलाब थांबवणारी गोळी किंवा घरात उरलेले अँटिबायोटिक मनाने देऊ नये. मूल मलूल झाले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा उलट्यांमुळे पोटात काहीच टिकत नसेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. उपचार आणि तपास दोन्ही एकाच वेळी सुरू व्हायला हवेत. पुणे महापालिकेच्या हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवणे गरजेचे असते. देशभरात २००४ पासून राबवल्या जाणाऱ्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाखाली अशा माहितीची नोंद होते आणि गरजेप्रमाणे शीघ्र प्रतिसाद पथक पाठवले जाते. अन्नाचे कायदेशीर नमुने घेण्याचा अधिकार मात्र अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना असतो, आणि तो त्यांना २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने दिलेला आहे.

पथक आल्यावर ‘रुग्ण’ कुणाला म्हणायचे हे आधी ठरवते. सामान्य माणसाला हे कागदी काम वाटते, पण पुढची सारी गणिते त्यावरच उभी राहतात. आपल्या उदाहरणात व्याख्या अशी करता येईल: बुधवारी पाळणाघरात हजर असलेले मूल किंवा कर्मचारी, ज्याला बुधवारी दुपारी बारापासून शुक्रवारी रात्री बारापर्यंत किमान एक उलटी झाली किंवा चोवीस तासांत तीन वा अधिक पातळ जुलाब झाले. या व्याख्येत ‘मसालेभात खाल्लेले मूल’ असे शब्द कदापि येता कामा नयेत. कारण जे सिद्ध करायचे आहे तेच व्याख्येत घातले, तर भात न खाता आजारी पडलेले मूल मोजणीतून आपोआप गळते आणि तपास स्वतःचीच फसवणूक करून घेतो.

त्यानंतर वेळ पाहायची. जंतू किंवा त्याचे विष पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात, आणि तो प्रत्येक कारणाचा वेगळा असतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू अन्नात वाढताना तिथेच विष तयार करून ठेवतो, त्यामुळे बहुधा एक ते सहा तासांत जोरदार उलट्या सुरू होतात. भातात आढळणाऱ्या बॅसिलस सिरियसचे उलट्यांचे विषही साधारण तेवढ्याच वेळात लक्षणे दाखवते. मोठ्या पातेल्यात हळूहळू निवलेल्या रश्श्यात वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्समुळे ६ ते २४ तासांत पोटदुखी आणि जुलाब होतात. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात, साल्मोनेलाला काही तासांपासून सहा दिवसांपर्यंत, कॅम्पिलोबॅक्टरला बहुतेक वेळा दोन ते पाच दिवस, आणि हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या काविळीला सरासरी २८ दिवस. त्याउलट रासायनिक विषाला मिनिटेही पुरतात. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतील मध्यान्ह भोजनानंतर २३ मुलांचा मृत्यू झाला, तेव्हा कारण जंतू नव्हते. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते.

या वेगवेगळ्या कालावधींमुळे शेवटचे खाणे तेवढे संशयास्पद मानायची आपली सवय किती चुकीची आहे हे लक्षात येते. शुक्रवारी जुलाब सुरू झाले म्हणून शुक्रवारचाच डबा तपासणारे पालक बुधवारचे जेवण विसरून जातात. पथक प्रत्येक रुग्णाची पहिल्या लक्षणाची वेळ विचारते आणि त्यांचा आलेख काढते. एकाच खाण्यातून सगळ्यांना बाधा झाली असेल तर आलेख झपाट्याने चढतो आणि तसाच उतरतो. एका मुलाकडून दुसऱ्याकडे आजार पसरत असेल तर आधी दोन-तीन मुले, मग एक-दोन दिवसांनी सात-आठ, मग त्यांची भावंडे आणि आई-वडील अशा लाटा दिसतात. पाळणाघराच्या बाबतीत हा भेद फार मोलाचा आहे. लंगोट बदलणे, लाळेने भिजलेली खेळणी, एकमेकांच्या तोंडात जाणारे हात यांमुळे तिथे अन्नाचा काही संबंध नसतानाही जुलाबांची साथ सहज पसरू शकते. शिगेलाचे अवघे १० ते १०० जंतू आजारासाठी पुरतात, म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या हातावरही ते पुरेसे असू शकतात.

आपल्या उदाहरणातील आलेखात एकच उंचवटा आहे आणि तो तीन-सव्वातीन तासांत आटोपतो. मसालेभातापासून मोजले तर लक्षणे ६ ते सव्वानऊ तासांनी सुरू झाली, खिरीपासून मोजले तर अडीच ते पावणेसहा तासांनी. मुख्य लक्षण उलट्या आहे, ताप जवळजवळ कुणालाच नाही. म्हणजे घड्याळाचा कौल खिरीकडे झुकतो. पण एवढ्यावर थांबून चालत नाही.

आता यादी करायची. ४५ च्या ४५ मुलांनी काय काय खाल्ले हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचे. तीन वर्षांच्या मुलाला ‘परवा खीर खाल्लीस का?’ असे विचारले तर ते विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून हो किंवा नाही म्हणते, म्हणून ही माहिती वाढणाऱ्या मावशींकडून, सांभाळणाऱ्या ताईंकडून आणि वाढदिवसाच्या फोटोंतून गोळा करावी लागते. माहिती शक्य तितक्या लवकर आणि सर्वांकडून एकाच नमुन्याच्या प्रश्नावलीने घेतली पाहिजे. कारण ‘खीर खराब होती’ ही बातमी एकदा पसरली की आजारी मुलांच्या पालकांना खीर हटकून आठवते आणि निरोगी मुलांच्या पालकांना आठवत नाही.

समजा, यादी अशी आली. मसालेभात ४० मुलांनी खाल्ला, त्यांतील १९ आजारी पडली. दही ३० मुलांनी खाल्ले, त्यांतील १४ आजारी पडली. खीर २४ मुलांनी खाल्ली, त्यांतील १८ आजारी पडली. केवळ आजारी मुलांकडे पाहिले तर २० पैकी १९ जणांनी मसालेभात खाल्लेला आहे, म्हणजे सर्वांत मोठा आकडा त्याचाच. ग्रुपवर निकाल लागतो तो इथेच.

आता न खाणाऱ्यांकडे पाहू. मसालेभात न खाल्लेल्या ५ मुलांपैकी १ आजारी पडले, म्हणजे २० टक्के. खाणाऱ्यांत हे प्रमाण ४७.५ टक्के आहे, सुमारे २.४ पट. दही न खाल्लेल्या १५ मुलांपैकी ६ आजारी पडली, म्हणजे ४० टक्के, आणि खाणाऱ्यांत सुमारे ४७ टक्के; हा फरक नगण्य आहे. खीर न खाल्लेल्या २१ मुलांपैकी मात्र २ च आजारी पडली, म्हणजे साडेनऊ टक्के, तर खाणाऱ्यांत ७५ टक्के. खीर खाणाऱ्या मुलाला आजाराचा धोका न खाणाऱ्याच्या जवळजवळ आठपट ठरतो. मसालेभाताचा आकडा मोठा दिसत होता तो भात जवळपास सगळ्यांनीच खाल्ला होता म्हणून, आणि ही गोष्ट निरोगी मुलांना यादीत घेतल्याशिवाय दिसूच शकली नसती.

तरीही भातावरचा २.४ पटीचा संशय उरतो. त्यासाठी फक्त भात खाणारी ४० मुले वेगळी काढून त्यांचे दोन गट करायचे. भात आणि खीर दोन्ही खाल्लेली २२ मुले होती, त्यांतील १७ आजारी पडली. भात खाल्ला पण खीर खाल्ली नाही अशी १८ मुले होती, त्यांतील दोनच आजारी पडली. आजारी पडलेल्या बहुतेक भात खाणाऱ्यांनी पुढे खीरही खाल्ली होती म्हणून भातावर आळ आला होता. खीर बाजूला काढताच तो उतरतो. हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता किती, तेही संख्याशास्त्राच्या कसोटीने तपासले जाते, कारण मुले थोडी असली की योगायोगही मोठे दिसतात.

खीर न खाताही आजारी पडलेल्या त्या दोन मुलांचे काय, असे कुणीही विचारील. त्यांनी शेजारच्या वाटीतून दोन चमचे खाल्ले असतील, नोंद चुकली असेल किंवा त्यांचा आजारच वेगळा असेल. पुण्यात पावसाळ्याच्या दिवसांत ४५ मुलांत एखाद्याला तसेही जुलाब होतात. खीर खाऊनही सुखरूप राहिलेल्या सहा मुलांनी कदाचित अगदी थोडी खाल्ली असेल. साथीच्या तपासात शंभर टक्के जुळणारी यादी जवळजवळ कधीच मिळत नाही.

निरोगी माणसांवरून निष्कर्ष काढण्याची ही रीत जुनी आहे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलराने माणसे भराभर मरत असताना डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपावर संशय घेतला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या मांडणीचे खरे बळ मात्र वाचलेल्या माणसांत होते. पंपाच्या जवळच्याच गरिबांसाठीच्या एका आश्रयगृहात ५३५ माणसे राहत होती आणि त्यांतील पाचच कॉलराने गेली, कारण आश्रयगृहाची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यातील सत्तरहून अधिक कामगारांपैकी कुणीही दगावले नाही, कारण ते पंपाचे पाणी पीतच नव्हते.

आपल्याकडच्या पाळणाघरांत अशी तुलना करण्याची एक नैसर्गिक सोय असते, ती म्हणजे घरचा डबा आणणारी मुले. ती पाळणाघराचे अन्न खात नाहीत, पण पाणी तेच पितात, खेळणी तीच वापरतात आणि झोपतात त्याच सतरंजीवर. पाळणाघरात शिजलेले खाणारी मुले आजारी पडली आणि डबेवाली वाचली, तर बोट स्वयंपाकघराकडे जाते. दोन्ही गटांत सारखेच प्रमाण असेल, तर पाणी किंवा हातोहात पसरणारा संसर्ग आधी तपासावा लागतो.

पाण्याचा प्रश्न पुणेकरांना नव्याने सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि काहींत नोरोव्हायरस आढळला आणि सगळ्यांचे लक्ष विहिरीच्या व टँकरच्या पाण्याकडे गेले. हातापायांतील ताकद जाण्याचा तो आजार जुलाबांनंतर काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी उद्भवतो, त्यामुळे तिथे तपासाला बरेच मागे जावे लागते. पाळणाघरात पथक नळ, टाकी, फिल्टर आणि टँकर असे एकेक ठिकाण पाहते आणि जागेवरच ओटी टेस्ट करते: पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळसर होते. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. पाणी पिवळे झालेच नाही, तर जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटलीत नमुना भरून प्रयोगशाळेकडे जातो.

स्वयंपाकघरातील चौकशी ही उलटतपासणी नसावी, हे मी आग्रहाने म्हणेन. ‘हात धुतले होते का?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच मिळते. त्यापेक्षा बुधवारची खीर सकाळपासून कशी झाली ते मावशींना क्रमाने सांगू द्यावे आणि जमल्यास करून दाखवू द्यावे. दूध किती वाजता उकळले, खीर किती वाजता उतरवली, कोणत्या पातेल्यात ठेवली, झाकण होते का, फ्रिजमध्ये जागा होती का, वाढण्याआधी पुन्हा गरम केली का. समजा, असे कळले की खीर दहा वाजता तयार झाली, फ्रिजमध्ये मोठे पातेले मावेना म्हणून सहा तास ओट्यावरच राहिली, आणि मावशींच्या बोटाला कापल्याची पट्टी होती. आता घड्याळ, यादी आणि ओटा तिन्ही एकच सांगतात. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात ओट्यावरचे दूध नेमके त्याच पट्ट्यात असते. मावशींनी चार वाजता खीर पुन्हा उकळली असेल, तरी फारसे काही वाचत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकसने तोवर सोडलेले विष उष्णतेला दाद देत नाही.

इथेही घाई नको. साधारण वीस ते तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात हा जंतू वस्तीला असतो, त्यामुळे मावशींच्या नमुन्यात तो सापडला म्हणजे त्याच उगम, असे ठरत नाही. दुसऱ्या एखाद्या जंतूच्या साथीत त्या स्वतःच तेच अन्न खाऊन आजारी पडलेल्याही असू शकतात. अन्नातील, मुलांच्या नमुन्यातील आणि त्यांच्या हातावरील जंतू एकाच वाणाचा आहे का, हे प्रयोगशाळेत जनुकीय तपासणीने पडताळता येते. आणि तसे ठरले तरी फ्रिजमध्ये जागा नसणे आणि बोट कापलेल्या बाईला त्या दिवशी दुसरे काम न देणे, या व्यवस्थेच्या उणिवा असतात.

प्रयोगशाळेला काय मिळते यावर बरेच अवलंबून असते. शौचाचे नमुने अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी घेतलेले चांगले. जंतूंसाठी ते कॅरी-ब्लेअर नावाच्या, वाटेत जंतू टिकवून ठेवणाऱ्या माध्यमात, विषाणूंसाठी नुसत्या स्वच्छ डबीत आणि थंड ठेवून पाठवतात. विषाणूंच्या तपासणीसाठी पुण्यातच १९५२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. उरलेली खीर फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात गोठवू नये, कारण गोठवल्याने काही जंतू मरतात आणि अहवाल फसवा येतो. एका ग्रॅम अन्नात स्टॅफिलोकोकस एक लाखांहून अधिक आढळला किंवा त्याचे विष सापडले, तर कारण पक्के मानले जाते. कायद्याप्रमाणे अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अन्नच टाकून दिलेले असेल तर अहवाल कधीच येत नाही. मात्र अशा वेळी यादी आणि आलेख एवढ्यावरूनही भरवशाचा निष्कर्ष काढता येतो, आणि पुढील उपाययोजना त्यासाठी थांबवायची नसते.

एकाच केटररचे जेवण अनेक ठिकाणी जात असेल तर तपासाचा आवाका बदलतो. कॅनडातील कॅलगरी शहरात सप्टेंबर २०२३ मध्ये एकाच मध्यवर्ती स्वयंपाकघरातून जेवण घेणाऱ्या ११ पाळणाघरांत ई. कोलाय ओ१५७ या घातक जंतूची साथ आली आणि चारशेहून अधिक जणांना लागण झाली. काही मुलांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि नंतर घरातील भावंडांपर्यंतही संसर्ग पोचला. पुण्यातही प्लेग्रुपच्या शाखांना बाहेरून जेवण येते, म्हणून आपल्या शाखेत त्रास झाला तर बाकीच्या शाखांना त्याच दिवशी विचारणे आवश्यक आहे.

तपास चालू असताना आजारी मुलाने शेवटच्या उलटी-जुलाबानंतर किमान ४८ तास घरीच राहावे, आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही हाच नियम, पगार न कापता, लागू असावा; पगार कापला जाणार असेल तर कुणीही पोट बिघडल्याचे सांगणार नाही. शिगेला किंवा ई. कोलाय ओ१५७ निघाल्यास परतण्यापूर्वी शौचाची पुन्हा तपासणी करून घेण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे, आणि उलटी पडलेली जागा फिनेलऐवजी क्लोरीनच्या द्रावणाने पुसावी लागते.

पाळणाघर चालवणाऱ्यांना आजपासून करता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. रोजच्या प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डबीत, वर तारीख आणि वेळ लिहून, फ्रिजच्या एका कोपऱ्यात तीन दिवस ठेवावा आणि चौथ्या दिवशी टाकून द्यावा. हजेरीच्या वहीत प्रत्येक मुलापुढे आणखी तीन रकाने आखावेत: पाळणाघरचे जेवण की घरचा डबा, चारचा खाऊ घेतला की नाही, आणि बाहेरून आलेला वाढदिवसाचा खाऊ खाल्ला की नाही. वही भरायला रोज पाचेक मिनिटे लागतात, आणि पथक दारात आले की सर्वांत आधी तीच मागते.